पोकरच्या टेबलावर शाळा घेणाऱ्याला कसं आवरावं?

मंडळी, मदत हवी आहे. शनिवारी रात्री आमच्याकडे टेक्सास होल्डेमचा डाव बसतो. पैसे लावत नाही, नुसत्या चिप्स. हरणारा भजी आणतो. अडचण एका दादांची. खेळतात झकास, पण नवख्याने शेवटच्या, रिव्हरच्या पत्त्यावर नशिबाने डाव मारला की ‘अरे, फ्लॉपलाच फोल्ड करायचं असतं!’ (म्हणजे टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले की डाव सोडायचा) म्हणून शाळा सुरू. स्वतःकडे फुल हाउससारखे तगडे पत्ते असले तरी पत्ते उघडायला मुद्दाम वेळ लावतात, समोरच्याने चिप्स ओढायला हात पुढे करेपर्यंत. (हे तर मला भयंकर खुपतं.) परवा एक वहिनी डाव अर्धवट टाकून उठल्या. दादा वयाने मोठे, चारचौघांत बोलायची पंचाईत. पत्ते वाटण्याआधी सगळ्यांनाच नियम सांगावा की त्यांना बाजूला घ्यावं? तुम्ही काय करता?