शब्दचर्चा : रोध, रोधकता आणि तारेची ‘जाडी’

मूळ प्रश्न
मुलगी नववीत आहे. धाराविद्युतच्या धड्यात ‘रोध’ आणि ‘रोधकता’ असे दोन शब्द येतात. ती दोन्ही एकच धरून चालली होती, मीसुद्धा. काल एका गणितावर अडलो. तार ताणून दुप्पट लांब केली, तर रोध किती पट होईल? ती म्हणाली दुप्पट, मागचं उत्तर चौपट. दुसरं असं, की हिंदीतला ‘प्रतिरोध’ मराठीत चालतो का?

प्रतिसाद
ताई, रोध म्हणजे तार विजेच्या प्रवाहाला करते तो अडथळा. बाकी सगळं ‘ताणून’ या शब्दात आहे. सारख्या दोन तारा टोकाला टोक जोडल्या, तर लांबी दुप्पट, रोधही दुप्पट. ताणताना मात्र नवीन तांबं येत नाही. आहे तेच लांबतं आणि बारीक होतं. लांबी दुप्पट झाली की काटछेदाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. लांबीपायी दुप्पट, बारीक झाल्यापायी पुन्हा दुप्पट, म्हणून चौपट. गणितात ‘जोडून’ असतं तर मुलीचं उत्तर बरोबर होतं. काटछेद म्हणजे काकडी सरळ आडवी कापल्यावर दिसणारी चकती. तिरकी कापली तर चकती लांबट येते, ती धरायची नाही.

एवढ्या ओढाताणीत रोधकता तशीच राहते, कारण ती तारेची नसून तांब्याची आहे. वस्तुमान आणि घनतेचं नातं आठवा. तांब्याच्या पळीचं आणि हंड्याचं वस्तुमान वेगळं, घनता एकच. तसंच इथे. २० अंश सेल्सिअसला १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम भरतो. या आकड्याला मीटरमधल्या लांबीनं गुणा, चौरस मिलिमीटरमधल्या क्षेत्रफळानं भागा, तांब्याच्या कुठल्याही तारेचा रोध मिळेल. तापमान बदललं तर मात्र रोधकताही बदलते.

‘प्रतिरोध’ चूक नाही, पण मराठीत तो ऐकला की उलटून झुंजणारं माणूस डोळ्यांसमोर येतं. तार कुणाशी झुंजत नाही. ‘रुध्’ म्हणजे अडवणे, त्यातून आलेला नुसता ‘रोध’ मला फार आवडतो. एक सांभाळा : ‘विद्युतरोधक’ म्हणजे रबर, चिनी माती यांसारखे वीज जाऊ न देणारे पदार्थ. रोधकता तांब्यालाही असते, पण तेवढ्यानं तांबं विद्युतरोधक ठरत नाही.

आणखी एक प्रतिसाद
तीस वर्षं वायरिंग करतोय. आमच्याकडे खरा घोळ ‘जाडी’ या शब्दानं होतो. गिऱ्हाईक ‘दीड एमएमची वायर’ मागतं आणि समजतं की तांबं दीड मिलिमीटर जाड आहे. ते दीड चौरस मिलिमीटर असतं. भरीव तार असेल तर व्यास १.३८ मिलिमीटरच्या आसपास. चारच्या वायरचा व्यास २.२६. नुसतं बघितलं तर चारची दीडपटीहून थोडी जास्त जाड दिसते, पण क्षेत्रफळ पावणेतीन पटीच्या जवळ जातं. जाडी दुप्पट केली की रोध निम्मा नाही, पाव होतो. जुने लोक ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ म्हणायचे, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात. त्यात तर आकडा वाढला की तार बारीक!

हे शेतावर लगेच कळतं. समजा विहीर १०० मीटर अंतरावर आहे. जाऊन-येऊन २०० मीटर तांबं लागलं. दीडच्या वायरचा रोध सुमारे २.३ ओहम. सिंगल फेज मोटरनं १० अँपिअर घेतले की वाटेतच २३ व्होल्ट पडतात. २३० चे २०७ उरले. सुरू होताना मोटर कितीतरी जास्त अँपिअर ओढते, तेव्हा तर ती नुसती घुमत राहते, उचलत नाही. लोक मोटर खोलायला घेतात. तिथे चारची वायर टाकली तर १० अँपिअरला साडेआठ-नऊ व्होल्टच पडतात. म्हणून माझी विनंती, दुकानात ‘जाड वायर द्या’ म्हणू नका. किती चौरसची ते सांगा, आणि किती लांब न्यायची तेही.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. तिनं लगेच विचारलं, तार मधोमध दुमडून पीळ दिला तर? आणि माझ्या आधी तिनंच वहीत काढलं : लांबी निम्मी, क्षेत्रफळ दुप्पट, रोध पाव.