२२ महिन्यांचा मुलगा, रात्री चार वेळा उठतो आणि शब्द फक्त सहा. आधी कुणाला दाखवायचं?

निंबोणी
मुलगा २२ महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा, वजन ११ किलो. बसणं-चालणं वेळेवर झालं.

रात्री ११ ला मांडीवर, बाटली तोंडात असतानाच झोपतो. पाऊण तासाने पहिल्यांदा उठतो, मग १, ३ आणि साडेचारच्या सुमारास. तीनदा तरी १५० मिली दूध द्यावंच लागतं, दिवसा आणखी दोन कप. सकाळी ९ ला उठतो, दुपारी अडीच ते पाच झोपतो. घोरतो, झोपेत तोंड उघडं असतं.

शब्द: आई, बाबा, मंमं, भूर, भू-भू, नाई. दोन शब्द जोडत नाही. हवं ते बोटाने दाखवतो. हाकेला कधी वळतो, कधी नाही. जेवताना मोबाइल लागतो, दिवसाचे दीड-दोन तास होतात. घरी मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात. जन्मानंतरची कानाची तपासणी पास आहे. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला, उगाच घाबरू नका. शेजारच्या काकू रात्री जायफळ उगाळून द्यायला सांगतात.

सुरुवात झोपेपासून करू की बोलण्यापासून?

कानसेन
ताई, कानापासून. ‘घोरतो’, ‘तोंड उघडं’, ‘हाकेला कधी वळतो, कधी नाही’ आणि ‘शब्द सहा’ हे तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलंय. ते एकाखाली एक ठेवून वाचा.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर अ‍ॅडिनॉइड असतात. ते वाढले की नाकाची वाट अडते, मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं आणि झोप मोडते. कानातून घशाकडे येणारी नळी त्यांच्याच शेजारी उघडते. ती तुंबली की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. बहुतेक वेळा ना ताप, ना कान वाहणं, म्हणून घरात पत्ता लागत नाही. कुकरची शिट्टी, दाराचा आवाज मुलाला ऐकू येतो. दुसऱ्या खोलीतून साध्या आवाजात मारलेली हाक निसटते, आणि शब्दांच्या शेवटचे बारीक आवाजही. त्यामुळे ताट-वाटी वाजवून ‘ऐकतोय की’ असं ठरवू नका. तुमच्या मुलाला हेच झालंय असं इथून सांगता येणार नाही, पण आधी तपासायची गोष्ट हीच.

जन्माच्या वेळची चाचणी त्या वेळेपुरती खरी. पाणी नंतर साठतं, काही प्रकारची श्रवणहानीही नंतर येते. आता कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या चाचण्या करणारे, दोघांनाही दाखवा. टिंपॅनोमेट्रीत कानात मऊ रबरी टोक ठेवून हवेचा दाब बदलतात आणि पडदा हलतो का ते पाहतात. मूल शांत बसलं तर काम मिनिटभराचं. आलेख सपाट आला, म्हणजे ‘बी’ प्रकारचा, तर पाण्याचा संशय. सोबत ओएई होते, म्हणजे आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. त्यातून उलगडा झाला नाही तर बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते इलेक्ट्रोड लावून पाहणं. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, आणि फेरी फुकट जाते ती इथेच.

बेराची वेळ दुपारच्या झोपेची घ्या. त्या दिवशी दीड-दोन तास लवकर उठवा आणि जाताना गाडीत डोळा लागू देऊ नका. वाटेत वीस मिनिटं झोपला तर तिथे तासभर झोपणार नाही. आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल लावू नका. इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे चिकटवतात, तेलकट कातडीवर ते धरत नाहीत. कपाळावर काजळाची तीटही नको. झोपेचं औषध द्यायचं ठरलं तर ते तिथेच, त्यांच्या देखरेखीखाली. मूल घोरतं हे त्याआधी आठवणीने सांगा.

तपासणीत कानात पाणी आढळलं तरी लगेच शस्त्रक्रिया असं नसतं. बऱ्याच मुलांचं आपोआप ओसरतं, म्हणून साधारण ३ महिने लक्ष ठेवून पुन्हा तपासतात. तोवर हातभर अंतरावरून, चेहऱ्यासमोर बसून बोला.

बाबांचं म्हणाल, तर उशिरा बोलण्याचा कल घराण्यात असू शकतो. पण म्हणून कान तपासायचा राहू नये. २ वर्षांच्या आसपास ५० शब्द आणि ‘बाबा भूर’सारखी जोडणी अपेक्षित असते. सहा शब्दांवर स्पीच थेरपिस्टची वेळ आजच घ्यावी, वाढदिवसाची वाट पाहू नये. येत असलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे.

दुपटं
झोपेचं बोलते. रात्रीचे दहा तास, त्यातला जागरणाचा दीडेक तास वजा, अधिक दुपारचे अडीच. म्हणजे ११ तास होतात. १ ते २ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ लागतात. झोप जेमतेम पुरते आहे, पण तुकड्यांची आहे.

पाऊण तासाने उठणं हा झोपेचा सांधा, एक चक्र संपून दुसरं सुरू होतं ती जागा. तिथे सगळेच चाळवतात आणि पुन्हा झोपतात. झोप लागताना मांडी आणि बाटली होती, डोळे उघडले तर दोन्ही नाहीत, म्हणून हा रडतो. शेजारी झोपवण्याने काही बिघडत नाही, वेगळी खोली लागत नाही. फक्त डोळा लागायच्या क्षणी तो गादीवर हवा.

आधी उठण्याची वेळ बांधा: साडेसात, रविवारीही. आजच्या ९ वरून दोन दिवसांना अर्धा तास असं मागे या. दुपारची झोप साडेतीनला संपवा. पडदा उघडा, हाक मारा, पाणी द्या. रात्री मात्र लगेच ९ ला आडवं करू नका, तासभर लोळेल आणि चिडेल. तो आज खरोखर झोपतो त्या वेळेलाच सुरुवात करा. सलग ३ रात्री वीस मिनिटांत झोपला की १५ मिनिटं अलीकडे. ११ वरून ९ वर यायला साधारण २४ दिवस लागतील. घाई केली की तिथेच मोडतं.

बाटली: झोपण्याआधीचं दूध स्वयंपाकघरात, दिवा लावून, कपातून. मग दात पुसून खोलीत. रात्रीच्या प्रत्येक बाटलीतून दोन रात्रींना ३० मिली कमी करा: १५०, १२०, ९०, ६०, मग बंद. नंतर फक्त पाण्याचा घोट आणि थोपटणं. आठवड्याभराने थोपटण्याचा वेग कमी, मग नुसता हात पोटावर, मग हात गादीवर.

तिसऱ्या ते पाचव्या रात्री रडणं वाढेल. तेव्हा जवळ घ्या, शांत करा, पण बाटली देऊ नका. चाळीस मिनिटं रडल्यावर दिली, तर पुढच्या रात्री तो तेवढं रडायचं ठरवूनच उठेल. सगळ्यांनी एकच करावं, नाहीतर आजीच्या खोलीत बाटली चालू राहते. ताप किंवा लग्नाचं घर असेल तर थांबा, नंतर मागच्या पायरीपासून धरा.

जायफळ नको. उगाळलेल्या जायफळाचं प्रमाण मोजता येत नाही, जास्त झालं तर विषबाधा होते, आणि घोरणाऱ्या मुलाला गुंगी आणणारं काहीही धोक्याचं. सर्दीचं सिरप झोपेसाठी देणंही तसंच. त्याने काही मुलं उलट जास्त चळवळ करतात.

घोरण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या, छाती उघडी ठेवून. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, श्वास मध्येच थांबून दचकून सुरू होतो का, हे डॉक्टरांना त्यात दिसतं. तसं दिसलं तर कानाच्या तारखेसाठी थांबू नका, आधी तेच दाखवा.

पोषणवही
दुधाचा हिशेब केलात का? ४५० रात्री, दोन कपांचे ४०० दिवसा, म्हणजे ८५० मिली. या वयात ५०० च्या आत हवं. दुधात लोह नगण्य, आणि पोट त्यानेच भरल्यावर नाचणी, डाळ, अंडं, पालेभाजी कोण खाणार? लोह कमी असलं तर मुलं झोपेत पाय झाडतात, सतत कूस बदलतात. डॉक्टरांना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनबद्दल, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या तपासणीबद्दल विचारा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. सर्दी-ताप असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, त्या आठवड्यात करू नका.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी किंवा आशाताईंकडून लोहाचं सिरप मोफत मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. कमतरता निघाली तर डोस वेगळा, तो डॉक्टर ठरवतील. दुधासोबत देऊ नका.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरहूनच सुरू झाला. पथकाची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र विचारा, कान आणि वाचा दोन्हींची सोय तिथून होते. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामाची आहे.

निंबोणी
सगळ्यांचे आभार. कान-नाक-घशाची वेळ गुरुवारची मिळाली. दोन शंका आहेत. हिंदी बंद करायची का? आणि मोबाइल काढला तर तो घास घेत नाही, तिथे काय करायचं?

चिऊकाऊ
हिंदी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. मोजताना दोन्हीकडचे शब्द एकत्र धरा. मावशींना विचारा, ‘पानी’, ‘दे दो’ असं काही म्हणतो का. मंमं, भूर, हम्मा हेसुद्धा शब्दच, दर वेळी त्याच अर्थाने आले म्हणजे झालं.

मोबाइल एकदम काढा, पण त्या दिवसापासून जेवण २० मिनिटांचंच. सगळ्यांसोबत बसवा, ताटलीत दोन-तीन घास, हाताने खाऊ द्या. नाही खाल्लं तर उचला, पुढच्या जेवणापर्यंत दूध-बिस्कीट नाही. रात्रीचं दूध उतरलं की सकाळी भूक आपोआप लागेल, म्हणून दोन्ही एकाच पंधरवड्यात करा. २ वर्षांच्या आत स्क्रीन शून्यच असावा, लांबच्या आजीशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

समजतं किती, ते आज पाहा. ‘चप्पल आण’ म्हणा, पण चपलेकडे बघू नका, हातही हलवू नका. बहुतेक घरांत आई नकळत मानेने दाखवते आणि मूल मानेच्या दिशेने जातं. नुसत्या शब्दावर आणली तर समज चांगली. ते थेरपिस्टना सांगा.

शब्द काढायला ‘बोल, बोल ना’ म्हणू नका, त्याने मूल गप्प होतं. घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत कुरमुरे भरून त्याच्या हातात द्या. उघडणार नाही, तो तुमच्याकडे आणेल. खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि मनात सातपर्यंत मोजा. इथे मोठ्यांना धीर निघत नाही, तिसऱ्या अंकाला झाकण उघडलेलं असतं. सातपर्यंत काहीही आलं, अगदी ‘उ’, तरी ‘उघड!’ म्हणत उघडा. काही आलं नाही तरी ‘उघड’ म्हणून उघडा, अडवून ठेवू नका. आत चारच दाणे टाका, म्हणजे तो परत येईल. एका बैठकीत दहा वेळा होतं.

तो एक शब्द म्हणाला की तुम्ही एकच वाढवा. ‘भू-भू’ला ‘भू-भू आला’. ‘नाई’ला ‘दूध नाई’. लांब वाक्य नको.

वेखंड किंवा मध जिभेला लावून बोलणं येत नाही. जिभेखालची शीर कापण्याचा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या. जीभ चिकटलेली असली तर उच्चारांत फरक पडू शकतो, शब्दच न येण्याचं कारण ते नसतं.

गुरुवारी जाताना शब्दांची यादी, तो व्हिडिओ आणि जन्माच्या वेळचा कानाचा कागद सोबत ठेवा. बालरोगतज्ज्ञांना एम-चॅटबद्दल, म्हणजे ऑटिझमच्या प्राथमिक चाचणीबद्दल विचारा: १६ ते ३० महिन्यांसाठी २० हो-नाही प्रश्न असतात, दहा मिनिटांत होतात. बोटाने दाखवतो ही चांगली खूण आहे. तो वस्तू नुसती मागतो, की विमान दिसलं म्हणून तुम्हाला दाखवून तुमच्या तोंडाकडे बघतो, ते येत्या दोन दिवसांत लक्षात ठेवा. त्यांचा तो प्रश्न नक्की येईल.