सगळे दरवाजे बंद झाले तेव्हा कोणाचा धावा केलात? (अनुभव धागा)

शरणपूरची_लेक
काल नाताळचा स्टार काढायला माळ्यावरचा खोका उतरवला, तर कागदी झुरमुळ्यांत ऑक्सिमीटर! सेल गळून हिरवे झालेले. बघितला आणि थेट एप्रिल २०२१ मध्ये जाऊन पडले. पप्पांचं ८४, सिडको ते नाशिकरोड कुठे बेड नाही, भाऊ रेमडेसिविरच्या रांगेत पहाटेपासून, आणि मी ओट्यापाशी, चहाचं आधण आटून गेलं तरी उभी. प्रार्थनेला शब्द सुचेनात, नुसतं प्रभू, प्रभू. तर पप्पा आतून धापा टाकत म्हणाले, बायबलातल्या दानिएलाचा तिसरा अध्याय वाच. ते तिघं भट्टीत पडायच्या आधी राजाला सांगतात ना, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकणार नाही. पप्पा म्हणाले, थांब, तो "तरी" परत वाच. तीनदा वाचायला लावला. रात्री अकराला पंचवटीतून फोन आला, एक बेड आहे. पप्पा वाचले, आता साखर लपवून खातात. तुम्ही पण लिहा, ख्रिस्ती असायलाच पाहिजे असं काही नाही.

बाग_निफाडची
२०१४ ची गारपीट. दोन दिवसांत तोडणी होती, सौदा झालेला. वीस मिनिटांत घडाखाली मण्यांचा चिखल. मी वारकरी घरातला, पण बायको मैत्रिणीबरोबर नाशिकरोडला बाळ येशूला मेणबत्ती लावून आली, मी चिडलो होतो खरंतर. चमत्कार वगैरे काही नाही हो, बाग गेली ती गेलीच. फक्त औषधवाला स्वतःहून घरी आला, म्हणाला उधारी पुढच्या हंगामाला बघू. आता फेब्रुवारीतल्या यात्रेला गाडी मीच काढतो.

देवळालीकर
यात्रेला गाडी?? लावता कुठे 😂 मी दरवर्षी रिक्षाच करतो

बाग_निफाडची
मेव्हण्याच्या दारात. सांगणार नाही कुठे ते.

नाव_नको
मी उलटं लिहितेय, सॉरी. आमच्या दादासाठी अख्खी मंडळी उपासाला होती, संध्याकाळच्या संध्याकाळी प्रार्थना, तरी तो गेला. वर एक बाई मातीच्या दिवशी मला म्हणाल्या, विश्वासात कमी पडलात. अजून माफ केलं नाहीये त्यांना. बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ वाचा. हेरोद राजा येशूच्या शिष्याला, याकोबाला, तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात दुसऱ्या शिष्याच्या, पेत्राच्या साखळ्या गळून पडतात, देवदूत त्याला तुरुंगातून बाहेर काढतो. मग याकोबासाठी काय कोणी कमी रडलं होतं? यावर प्रवचन एकदाही ऐकलं नाही मी.

शरणपूरची_लेक
ताई 🙏 अशा बायका प्रत्येक चर्चमध्ये एक तरी असतातच.

पेटीवाला
त्याच अध्यायात पेत्र दार ठोठावतो, घरातली दासी पोरगी आवाज ओळखून आनंदाने दार न उघडताच आत पळते, आणि रात्रभर त्याच्याचसाठी प्रार्थना करणारे तिलाच म्हणतात वेड लागलंय तुला. आपलंच वर्णन आहे. बाकी ताई, मला पण उत्तर माहीत नाही.

जुनं_नाशिक
थोडं अवांतर. शरणपूर १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे आणली, त्यांना सुतारकी, लोहारकी शिकवली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ ला आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन तिथेच वारला तेव्हा त्याचा देह महिनोनमहिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हा होता, पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमधल्या दफनालाही हजर. इथे शिकलेला पोरगा! जहाजाच्या पोटात असताना त्या पोरांनी कोणाला हाक मारली असेल, कुठल्या भाषेत, हे कायम मनात येतं. तेव्हा येशूचं नावही ठाऊक नसणार बहुतेकांना.

देवळालीकर
आणि आपण शरणपूर रोडच्या सिग्नलला नुसते हॉर्न वाजवतो

मावशी_६२
अगं सेल काढून ठेवत जा ना, रिमोटचे पण काढावेत. माझ्या सिझेरियनच्या वेळी सासूबाई बाहेर स्तोत्र २३ म्हणत बसलेल्या, मृत्यूच्या छायेच्या ओळीशी आल्या की परत पहिल्यापासून, पुढे जायलाच तयार नाहीत, नर्स वैतागली. कुकर झाला, नंतर लिहिते. करंजीला मोहन किती घालतेस ते सांग, माझ्या मऊ पडतात.

शरणपूरची_लेक
मावशी, अर्धा किलोला पाच चमचे, कडकडीत. सासूबाईंचं राहिलेलं लिहाच.
पप्पांना सगळं वाचून दाखवलं. @नाव_नको, याकोबाचं ऐकून खूप वेळ गप्प बसले, मग म्हणाले तिच्या भावाचं नाव विचार, रविवारी उपासनेत घेतो. तुमची हरकत नसेल तर मेसेज करा. आणि ऑक्सिमीटर घासूनपुसून नवे सेल घातले तर चालू झाला की. पप्पा ९६.

नाव_नको
केलाय मेसेज.