नवीन कौलं घातली तरी पडवी गळते: पावसाच्या आधी नेमकं काय काय करावं?

खारावारा_देवगड:
नमस्कार मंडळी. घर जांभ्याचं, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, पडवीचं तोंड पश्चिमेला. ओटी-माजघरावर मंगलोरी कौलं. पडवी आधी ६ फूट रुंद होती, ती पुढे ४ फूट वाढवली. जुने खांब आणि त्यांवरची तुळई तशीच आहे, फक्त वासे (उताराच्या दिशेची लाकडं) बदलून लांब टाकले. आता पडवीची रुंदी १० फूट आणि भिंतीपासून वळचणीपर्यंतचा (छपराच्या खालच्या कडेपर्यंतचा) उतार एकूण ४ फूट ४ इंच. वासे ऐनाचे, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) पोफळीच्या, कौलं सगळी नवीन.

तीन जागी पाणी येतं. एक, पडवी जिथे मुख्य भिंतीला टेकते तिथे, भिंतीवर ओघळ. दोन, पडवीच्या पुढच्या अर्ध्या भागात, पण वारा असला की मगच. तीन, मुख्य घराच्या आढ्याखाली (दोन उतार मिळतात त्या माथ्याखाली). गवंडी म्हणतात, आढं सिमेंटने जाड लिंपून घ्या आणि पडवीत कौलांखाली प्लास्टिक टाका. ते करावं का? शिडी आहे, हाताशी दोन माणसं आहेत. मृगाच्या आत संपवायचं आहे.

रीप_आणि_वासा:
तीन गळत्यांची कारणं तीन वेगळी आहेत. प्लास्टिक आणि सिमेंटने त्यातली एकही जाणार नाही. मी दोन नंबरच्या गळतीबद्दल लिहितो, कारण मोठं काम तेच आहे.

५२ इंच उतार १० फुटांत, म्हणजे फुटाला ५.२ इंच, साधारण २३ अंश. आपल्याकडच्या पावसाला मंगलोरी कौलासाठी फुटाला ७ इंच (३० अंश) तरी हवेत. कौलावर कौल चढतं ते जेमतेम अडीच-तीन इंच. उतार कमी झाला की पाण्याचा वेग मंदावतो आणि नैऋत्येचा वारा तेच पाणी या चढाखालून उलटं वर ढकलतो. म्हणून तुम्हाला गळती वाऱ्यातच दिसते. पुढच्या भागात जास्त दिसते कारण वरच्या सगळ्या ओळींचं पाणी तिथे गोळा होतं. कौलं नवी आहेत की जुनी, याचा इथे संबंध नाही.

१० फुटांना ३० अंशाचा उतार द्यायचा तर ७० इंच लागतील, तुमच्याकडे १८ कमी आहेत. तेव्हा वाढवलेल्या ४ फुटांवरची कौलं काढाच. जुन्या तुळईपर्यंतचे ६ फूट कौलारू ठेवा आणि वासे नव्याने फुटाला ७ इंचांनी बसवा, त्यात ४२ इंच जातील. आत्ता तिथे उतार ३१ इंचच आहे, म्हणजे तुळई साधारण ११ इंच खाली घ्यावी लागेल. उरले १०. तिथून पुढे पत्रा, पण तो वाशांच्या टोकांखालून, ४ इंच खाली सुरू करा. मग पत्र्याला ४ फुटांत ६ इंच मिळतात, फुटाला दीड इंच. पत्र्याला एवढा उतार चालतो, अट एकच: मध्ये जोड नको. साडेपाच फुटी एकसंध पत्रा घ्या. त्यातले ८-९ इंच कौलांखाली वर सरकवा, उरलेला वळचणीबाहेर. जाळीची दारं आणि बिजागऱ्या तुमच्याकडे किती टिकतात ते तुम्ही बघताच, त्यामुळे साधा जस्ती पत्रा नको. अ‍ॅल्युमिनियम-जस्त लेपाचा रंगीत घ्या. स्क्रू रबरी वॉशरसह, पन्हळीच्या उंचवट्यावर मारा. खोलगट भागात मारलेला स्क्रू पहिल्याच पावसात गळतो.

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा फरक असतो. अंगणात चार कौलं एकाखाली एक नीट अडकवून ठेवा, पहिल्या कौलाच्या नाकापासून चौथ्याच्या नाकापर्यंत मापा आणि तीनने भागा. साधारण ३२ सेंटिमीटरच्या आसपास येईल. पण आलेला आकडाच धरा आणि त्या मापाची एक काठी कापून तीच प्रत्येक रिपेला लावत जा. अंतर अर्धा इंच जरी वाढलं तरी कौल पूर्ण बसत नाही आणि चढ कमी होतो. जुनी-नवी कौलं एकाच ओळीत मिसळू नका, बाजूच्या खाचा जुळत नाहीत.

काढलेल्या पोफळीच्या रिपा परत वापरायच्या तर प्रत्येकीत पेचकस टोचून बघा. बाहेरचं कडक साल शाबूत दिसतं आणि आतला गाभा वाळवीने भुसा केलेला असतो.

चिरा_चुना:
भिंतीच्या जोडाचं मी सांगते. तिथे आत्ता बहुतेक सिमेंटची तिरपी पट्टी लिंपलेली असणार. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, भिंत हलत नाही. म्हणून ती पट्टी भिंतीपासून केसाएवढी सुटते आणि पाणी थेट आत उतरतं. परत लिंपाल तर परत सुटेल.

ती पूर्ण तोडा. कौलांच्या वर ६ इंचांवर चिऱ्यात १ इंच खोल सलग खाच मारा. खाच दोन चिऱ्यांच्या दर्जेत (सांध्यात) मिळाली तर उत्तम, ग्राइंडरला कष्ट कमी. पत्र्याची पट्टी अशी वाकवून घ्या: १ इंच खाचेत, ६ इंच भिंतीलगत खाली, ६ इंच कौलांवर. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर खाचेत जाणाऱ्या भागाला डांबराचा हात द्या, ओला चुना किंवा सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं. लांबीत पट्टीवर पट्टी ४ इंच चढवा. खाच चुन्याच्या मालाने भरा. पट्टी कौलांना खिळ्यांनी ठोकू नका, तिला सरकायला मोकळीक हवी.

आणि हे विसरलं जातं: जांभा पाणी पितो. पट्टीच्या वरच्या भिंतीवर पावसाची झड बसत असेल तर पाणी चिऱ्यातून आतल्या आत खाली येतं आणि पट्टीच्या खालच्या बाजूला ओघळ म्हणून दिसतं. तेव्हा वरच्या दर्जा खरवडून भरून घ्या. वाळू नदीची किंवा क्रश सँड. किनाऱ्यावरची अजिबात नको: तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, भिंत मे महिन्यातही दमट लागते आणि खिळे गंजतात.

कोनकौल:
आढं जाड लिंपू नका. कोनकौलाच्या (आढ्यावरच्या कौलाच्या) पोटात सिमेंट ठासून भरलं की ते बाहेरचं पाणी शोषून आत आढ्याच्या लाकडाला पाजतं. वर दोन महिन्यांत तडेही जातात.

कोनकौलं उतरवा, जुना माल छिन्नीने खरडा. प्रत्येक कौल बोटाच्या सांध्याने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर त्यात तडा आहे. चांगली कौलं तासभर पाण्यात बुडवा, नाहीतर कोरडं कौल मालातलं पाणी ओढून घेतं आणि पकड बसत नाही. माल १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू. तो फक्त दोन्ही कडांखाली, मधली पोकळी रिकामी. मालाची कड कौलाच्या कडेपासून अर्धा इंच आत राहू द्या, म्हणजे थेंब कौलावरूनच खाली पडेल. वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे तुमच्याकडे उत्तरेकडून. तोंड दक्षिणेकडे उघडं राहता कामा नये. वर ओलं गोणपाट चार-पाच दिवस.

रीप_आणि_वासा:
प्लास्टिकबद्दल. रिपांखाली सपाट ताणून टाकलं की झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेपाशी अडतं आणि रीप कुजते. टाकायचंच असेल तर वाशांवर अंथरा, मग वाशाच्या रेषेत १ इंची उभी पट्टी, तिच्यावर आडव्या रिपा, आणि प्लास्टिकचं खालचं टोक पत्र्यावर बाहेर काढा. तुमच्या कामात उतार दुरुस्त झाल्यावर त्याची गरज राहणार नाही.

खारावारा_देवगड:
खूप आभार. दोन शंका. खिळे कोणते? आणि पश्चिमेच्या कडेची कौलं वाऱ्याने उचलू नयेत म्हणून तांब्याच्या तारेने बांधली तर?

चिरा_चुना:
खिळे स्टेनलेसचे, ३१६ दर्जाचे मिळाले तर तेच. तांब्याची तार लाकडी रिपेला बांधायला उत्तम, कौलाच्या पाठीवरच्या कानातल्या भोकातून ओवा. पण ती जस्ती खिळ्याला किंवा पत्र्याला टेकू देऊ नका. खाऱ्या ओलाव्यात तांबं शाबूत राहतं आणि जस्त झपाट्याने जातं. वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या कडा बांधल्या की पुरे.

कोनकौल:
क्रम असा ठेवा: आधी पत्रा, मग कौलं खालून वर, मग भिंतीची पट्टी, शेवटी आढं. चढताना रिपेवर येणाऱ्या भागावरच पाय द्या, कौलाच्या मध्यावर नाही. त्याहून बरं म्हणजे आढ्याला अडकवलेली शिडी उतारावर टाकून तिच्यावर बसा. कमरेचा दोर आढ्यावरून पलीकडच्या बाजूच्या झाडाला. घरात येणारी विजेची तार वळचणीपाशी असेल तर मेन स्विच बंद केल्याने ती मृत होत नाही, मीटरच्या आधीचा भाग जिवंतच असतो. तिथलं काम वायरमनला बोलावून पुरवठा तोडल्यावरच.

झाल्यावर पाइपने तपासा. खालच्या ओळीवर दहा मिनिटं पाणी, मग एकेक ओळ वर, आत एक माणूस बॅटरी घेऊन. पाइप नेहमी वरून खाली धरा, खालून वर फवारलंत तर चांगलं छप्परही गळेल. आणि कौलं घेताना १०० चौरस फुटांना दीडशे धरा, वर पंचवीस जादा घेऊन गोठ्यात रचून ठेवा; त्याच साच्याची पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.