मुलगी साडेसात वर्षांची, छातीत गाठ लागतेय. आत्ताच दाखवू की थांबू?

ओवीची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी साडेसात वर्षांची आहे, दुसरीत. परवा आंघोळ घालताना डाव्या निपलखाली हाताला शर्टाच्या बटणाएवढं कडक काहीतरी लागलं, दाबलं की दुखतं म्हणते, उजवीकडे काहीच नाही. माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाई म्हणतात हल्ली मुली लवकरच मोठ्या होतात, पिशवीतलं दूध बंद कर आणि गप्प बस. माझी पाळी तेराव्या वर्षी आली होती. आणखी एक म्हणजे जूनमध्ये शिवलेला युनिफॉर्म दिवाळीलाच आखूड झाला, तेव्हा कौतुकच वाटलं होतं पण आता त्याचीही भीती वाटतेय. कुणाला दाखवू? गायनॅककडे न्यायचं का?

मीरा_कोथरूड:
ताई आधी शांत व्हा, माझ्या लेकीचं पण असंच एका बाजूनेच सुरू झालं होतं, तीही तेव्हा आठच्या आतच होती. गायनॅककडे नको, आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांच्याकडून लहान मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरची, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्टची चिठ्ठी घ्या. आमच्याकडे डाव्या हाताचा एक्सरे काढला, त्यात हाडांचं वय कळतं, ते खऱ्या वयाच्या बरंच पुढे निघालं. मग रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा एमआरआय, आणि नंतर पाळी लांबवायची इंजेक्शनं, दर तीन महिन्यांनी. घरात सगळ्यांनी विरोध केला की पुढे मूल होणार नाही वगैरे, पण डॉक्टरांनी नीट समजावलं की हे औषध फक्त थांबवून धरतं, बंद केलं की शरीर आपलं आपण पुन्हा सुरू होतं. आणि तसंच झालं.

बालडॉक्टर_सांगली:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, न तपासता निदान करणार नाही पण जायचं की नाही याचं उत्तर स्पष्ट आहे, जा, आणि लवकर जा.

मुलींमध्ये वयात येणं साधारण 8 ते 13 या वयात सुरू होतं, मुलांमध्ये 9 ते 14. पालक पाळीकडे लक्ष ठेवून असतात पण पाळी ही सुरुवात नाही, ती छाती वाढायला लागल्यावर साधारण दोन अडीच वर्षांनी येते, म्हणून तुमचं तेरावं वर्ष इथे फारसं उपयोगी नाही. पहिली खूण म्हणजे हीच गाठ, आणि ती आधी एकाच बाजूला येणं, दुखणं हे अगदी नॉर्मल आहे. ती कॅन्सरची वगैरे असेल अशी भीती नको. सुई घालून किंवा कापून बघायचा सल्ला कुणी दिला तर आधी हार्मोन्सच्या डॉक्टरांना विचारा, कारण तिथल्या वाढणाऱ्या पेशींनाच इजा होते.

आता उंचीबद्दल, कारण खरा मुद्दा तो आहे. या वयात मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंमी वाढतं. त्याहून भराभर वाढत असेल तर आत्ता ती वर्गात उंच दिसते, पण हाडांची टोकं लवकर जुळून येतात आणि शेवटी उंची कमी राहते. पाळी आल्यावर बहुतेक मुली आणखी 5 ते 7 सेंमीच वाढतात. लसीकरणाच्या फाईलमध्ये आणि शाळेच्या हेल्थ कार्डवर जुन्या उंची-वजनाच्या नोंदी असतील, त्या सगळ्या घेऊन जा, डॉक्टरांना याहून मोठी मदत नाही.

मुलींमध्ये बहुतेक वेळा कारण काहीच सापडत नाही, वजन जास्त असेल तर सुरुवात लवकर होते हे मात्र दिसतं. सतत डोकेदुखी, सकाळी उलट्या, नजरेचा त्रास यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. दुधाचं म्हणाल तर म्हशीला टोचतात ते ऑक्सिटोसिन पोटात पचून जातं, त्याने मुली वयात येत नाहीत. तिचं दूध तोडू नका.

सातारचा_बाबा:
डॉक्टर, उलट प्रश्न विचारतो, माझा मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण, मिसरूड नाही, आवाज फुटला नाही, कबड्डीच्या टीममधली पोरं याला बारक्या म्हणतात आणि हा आता प्रॅक्टिसलाच जात नाही. मी स्वतः कॉलेजात जाऊन वाढलो होतो. थांबलं तर चालेल का?

बालडॉक्टर_सांगली:
दादा, तुमच्यावर गेला असण्याची शक्यता बरीच आहे, अशी मुलं उशिरा वाढतात पण वाढतात. तरी 14 पूर्ण होऊन काहीच सुरुवात नसेल तर दाखवायचंच. मुलांमध्ये पहिली खूण मिसरूड नसते, अंडकोषांचा आकार वाढणं ही असते, आणि ते घरी कळत नाही. डॉक्टरांकडे लहानमोठ्या मण्यांची माळ असते, तिच्याशी ताडून बघतात, 4 मिलीच्या मण्याएवढा आकार झाला की सुरुवात झाली. थायरॉईड, सिलिअ‍ॅक (म्हणजे गहू न सोसण्याचा आतड्याचा आजार), हिमोग्लोबिन हेही बघतील. मुलींसाठी हिशोब असा की 13 पर्यंत छाती नाही किंवा 15 पर्यंत पाळी नाही, तर दाखवा. आणि कुणाच्या मुलाला 9 च्या आत सुरुवात झाली तर अजिबात थांबू नका, मुलग्यांमध्ये त्यामागे आजार सापडण्याचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त असतं. पोराला प्रॅक्टिसला मात्र पाठवा, कोचशी तुम्ही स्वतः बोला.

ओवीची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली, फाईल काढून ठेवली. तिला काय सांगू? रोज विचारते मला काय झालंय.

मीरा_कोथरूड:
खरं तेच सांगा. मी म्हटलं होतं, सगळ्या मुलींचं शरीर मोठं होतं, तुझं जरा लवकर सुरू झालंय, डॉक्टर बघतील. सुती स्लिप घाला आतून, घासलं की दुखतं. आणि पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका असं घरात आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा, माझ्या लेकीला इंजेक्शनपेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला.