तीन मोठे कोण? सोसायटीच्या ग्रुपवर पेटलेलं ऑलिंपिक फुटबॉल

(रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, जुलैतली एक पावसाळी संध्याकाळ. पाण्याच्या मोटरीचे मेसेज शक्य तेवढे गाळलेत.)

सेक्रेटरी परांजपे: नमस्कार. १५ ऑगस्टच्या आंतरसोसायटी फुटबॉलसाठी नावं द्यावीत. आयोजकांचा नियम असा: संघात १२ जण, सगळे २३ वर्षांखालचे. त्याहून मोठे फक्त तीन चालतील. आधारची झेरॉक्स लागेल. वर्गणी प्रत्येकी २०० रुपये.

पाटणकर काका: माझं नाव लिहा.

आजगावकर मामा: माझाव.

शिर्के भाऊ: मी पण. गुडघा आता बरा आहे.

ओंकार: मोठ्यांच्या जागा तीनच आहेत हो! आत्ताच सात नावं झाली 😄 लहानांत मी एकटा.

पाटणकर काका: हा कसला नियम? फुटबॉल आहे की शाळेची सहल? एवढी पोरं आणि सांभाळायला तीन मोठी माणसं!

खोतसर: पाटणकर, हा नियम ऑलिंपिकचा आहे. पुरुषांचं फुटबॉल तिथे १९९२ च्या बार्सिलोनापासून २३ वर्षांखालच्यांचं झालं. १९९६ च्या अटलांटापासून प्रत्येक संघाला तीन मोठे घ्यायची मुभा मिळाली.

पाटणकर काका: काहीतरीच. मेस्सी खेळलाय ऑलिंपिक. नेमारही.

ओंकार: काका, बीजिंगला २००८ मध्ये मेस्सी २१ वर्षांचा होता. नेमार २०१६ ला रिओत २४ चा, म्हणजे तो त्या तिघांतला. फायनलला माराकानात जर्मनीविरुद्ध शेवटची पेनल्टी त्यानेच मारली. ब्राझीलचं फुटबॉलमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण ते.

पाटणकर काका: पाच वर्ल्ड कप जिंकलेल्या ब्राझीलला २०१६ पर्यंत सुवर्ण नव्हतं?

ओंकार: नव्हतं ना. २०१२ ला लंडनमध्ये फायनलला मेक्सिकोने हरवलं होतं, २-१.

शिर्के वहिनी: मोटर कोणी चालू ठेवलीय? बी विंगची टाकी वाहतेय.

खोतसर: पाटणकर, हा नियम आला कसा ते सांगतो, जरा लांबेल. ऑलिंपिक पूर्वी हौशी खेळाडूंचं. पगार घेऊन खेळणारा बाद. मग पश्चिम युरोपवाले आपले नावाजलेले खेळाडू पाठवूच शकत नव्हते. पण हंगेरी, पोलंड, सोव्हिएत रशिया इथे खेळाडू कागदोपत्री सैन्यात नाहीतर कारखान्यात नोकरीला. नोकरी करणारा म्हणजे हौशी! त्यांचा खरा राष्ट्रीय संघच उतरायचा. म्हणून १९५२ ते १९८० पर्यंतची सगळी सुवर्णं पूर्वेकडच्या समाजवादी देशांकडे गेली. १९८४ ला व्यावसायिकांना दार उघडलं, पण युरोप आणि दक्षिण अमेरिकेतला वर्ल्ड कप खेळलेला खेळाडू चालणार नाही अशी अट घातली. फिफाला आपल्या वर्ल्ड कपसमोर दुसरा वर्ल्ड कप उभा राहायला नको होता. त्यातून पुढे २३ चा आकडा आला.

पाटणकर काका: म्हणजे फिफाने मुद्दाम दुय्यम करून ठेवलं.

खोतसर: केलं खरं. पण त्यामुळे काय झालं बघा. १९९६ ला नायजेरियाने सेमीफायनलला ब्राझीलला ४-३ आणि फायनलला अर्जेंटिनाला ३-२ हरवलं. २००० ला कॅमेरून. २०१२ ला मेक्सिको. यातल्या एकानेही वर्ल्ड कप जिंकलेला नाही. मोठ्यांचे हात थोडे बांधले की बाकीच्यांना वाट मिळते.

श्रावणी: सर, महिलांना पण हीच अट आहे?

खोतसर: नाही बाळ. महिलांचं फुटबॉल १९९६ ला ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हापासून वयाची अट नाही. पूर्ण राष्ट्रीय संघ खेळतो. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसला महिलांचे १६ संघ असतील, पुरुषांचे १२.

श्रावणी: मग परांजपे काका, आपल्याकडे मुलींची मॅच का नाही?

सेक्रेटरी परांजपे: आयोजकांच्या पत्रात उल्लेख नाही.

श्रावणी: नाही म्हटलंय का पण?

सेक्रेटरी परांजपे: तसंही नाही.

शिर्के वहिनी: झालं तर मग. किती वयापर्यंत चालतं म्हणालात सर?

ओंकार: वहिनी, ब्राझीलची फोर्मिगा १९९६ पासून सलग सात ऑलिंपिक खेळली. टोकियोला ती ४३ वर्षांची होती.

शिर्के वहिनी: ४३? मग माझं नाव लिही श्रावणी. आणि मोटर बंद केली मी. उत्तर कोणीच देत नाही.

आजगावकर मामा: तुमच्या ह्या ब्राझीलच्या गजाली पुरे झाल्यो. आपलो भारत ऑलिंपिकात चौथो इल्लो, ता खंय कोणाक म्हायत हा? १९५६, मेलबर्न. ऑस्ट्रेलियाक त्यांच्याच घरात ४-२ हरवल्यानी. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिकात हॅट्ट्रिक करणारो आशियातलो पयलो. गोंयकार माणूस, म्हणजे आमच्या शेजारचोच!

पाटणकर काका: आणि तेही अनवाणी. आजच्या पोरांना हजारांचे बूट लागतात.

ओंकार: अनवाणी १९४८ ला काका, लंडनला. तेव्हाही सगळे अनवाणी नव्हते. फ्रान्सशी २-१ ने हरलो आणि आपण दोन पेनल्ट्या घालवल्या. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतल्यावर बूट सक्तीचे झाले. मेलबर्नला सगळे बूट घालूनच होते.

पाटणकर काका: गूगल बंद कर रे.

खोतसर: तो बरोबर सांगतोय. आणि आजगावकर, मेलबर्नचा अभिमान मलाही आहे, पण पूर्ण हिशोब मांडू. एकूण ११ संघ. पहिल्या फेरीत आपल्यासमोर हंगेरी होता, त्यांनी माघार घेतली. म्हणजे आपण एक मॅच जिंकून सेमीफायनलला पोचलो. तिथे युगोस्लाव्हियाकडून ४-१, आणि ब्राँझसाठी बल्गेरियाकडून ३-०.

आजगावकर मामा: म्हणजे फुकटचो चौथो नंबर म्हणतास?

खोतसर: मुळीच नाही. सेमीफायनलला उत्तरार्धात आधी गोल आपलाच, तोही नेव्हिलचा. युगोस्लाव्हियासारख्या संघाविरुद्ध आपण पुढे होतो, मग त्यांनी आपल्याला उलटवलं. स्पर्धेत चार गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव आहे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे १९६० ला रोममध्ये त्यांच्याच संघाने फ्रान्सला १-१ वर रोखलं, आपला गोल पी. के. बॅनर्जींचा. मात्र पहिल्या फेरीतच बाहेर. त्यानंतर आजतागायत आपण ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये नाही. मी म्हणतो फोटोला हार घाला, पण त्याआड लपू नका.

आजगावकर मामा: ह्या मात्र खरा.

मुजावरचाचा: सलाम सर्वांना. एक अडचण सांगून ठेवतो. आमचा पुतण्या गोलकीपर म्हणून तुम्ही धरलाय, पण १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. वारा पडला की बोट बाहेर. १५ तारखेला तो समुद्रात असेल. खलाशी आधीच कमी आहेत, त्याला सोडला तर बोट मिरकरवाड्याला बांधून ठेवावी लागेल.

ओंकार: चाचा, रेआल माद्रिदने एम्बाप्पेला असंच सोडलं नाही! पॅरिसला, आपल्याच शहरात, त्याला २०२४ चं ऑलिंपिक खेळायचं होतं.

मुजावरचाचा: क्लब नाही म्हणू शकतो? देशाला?

खोतसर: म्हणू शकतो. वर्ल्ड कपला सोडावंच लागतं, कारण तो फिफाच्या कॅलेंडरात आहे. पुरुषांचं ऑलिंपिक त्यात नाही. २००८ ला बार्सिलोनाने मेस्सीसाठी हे प्रकरण क्रीडा लवादाकडे नेलं. निकाल क्लबच्या बाजूने लागला.

मुजावरचाचा: मग तो खेळला कसा?

खोतसर: जिंकल्यावर क्लबनेच जाऊ दिला. क्लबचा मार्गदर्शक होता ग्वार्डिओला. अर्जेंटिनाने सुवर्ण नेलं.

मुजावरचाचा: मोठ्या लोकांना परवडतं. माझ्याकडे डिझेलचं बिल येतं. बघतो, बदली खलाशी मिळाला तर.

पाटणकर काका: म्हणजे फ्रान्स एम्बाप्पेशिवाय खेळला आणि हरला?

ओंकार: फायनलपर्यंत गेला. थिएरी ऑन्री कोच. स्पेनशी ३-१ ने मागे असताना ९० मिनिटं संपल्यावर पेनल्टीवर ३-३ केलं. जादा वेळेत स्पेनने दोन मारले, ५-३. बेंचवरून आलेल्या कामेयोने दोन्ही. त्या स्पेनमधले फेर्मिन लोपेझ आणि बाएना महिनाही न होता युरो जिंकून आले होते. ब्राँझला मोरोक्कोने इजिप्तला ६-० ने झोपवलं.

शिर्के भाऊ: त्या मोरोक्कोच्या मॅचमध्ये काहीतरी गोंधळ झाला होता ना?

ओंकार: पहिलीच मॅच, अर्जेंटिनाशी. शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाने २-२ केलं, प्रेक्षक मैदानात घुसले, खेळ थांबला. जवळजवळ दोन तासांनी सांगितलं की तो गोल ऑफसाइड! रिकाम्या स्टेडियममध्ये तीन मिनिटं खेळवली. मोरोक्को २-१.

शिर्के वहिनी: दोन तास? आपल्या वार्षिक सभेत पण एवढ्या उशिराने निकाल बदलत नाही.

सेक्रेटरी परांजपे: विषय फुटबॉलचा चालू आहे वहिनी.

पाटणकर काका: खोतसर, सगळं ठीक. पण १४० कोटींच्या देशात २३ खालचा एक संघ उभा राहत नाही?

खोतसर: हाच खरा मुद्दा. आशियातून तिथे जायची वाट २३ खालच्या आशियाई स्पर्धेतून. पॅरिसच्या वेळी वरचे तीन थेट गेले: जपान, उझबेकिस्तान, इराक. चौथा इंडोनेशिया गिनीशी प्लेऑफ हरला. आपण त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीतच आजवर एकदाही पोचलेलो नाही. ऑलिंपिक दूर, त्याच्या अंगणातही नाही.

ओंकार: आणि दक्षिण कोरिया १९८८ पासून सलग नऊ वेळा गेलेला, त्याला त्याच स्पर्धेत इंडोनेशियाने बाहेर काढलं. तेव्हा इंडोनेशियाचा कोच कोण होता? शिन ते-योंग, कोरियनच. रिओला कोरियाचा कोच होता तो.

खोतसर: कोरियाच्या पोरांना ऑलिंपिक पदक म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट. २०१२ ला जपानला हरवून ब्राँझ आणलं त्या संघाला ती मिळाली. जीव तोडून खेळतात ते उगाच नाही. पण मला उझबेकिस्तान जास्त शिकवतो. ज्या कोच कापाद्झेने त्यांचा २३ खालचा संघ पॅरिसला नेला, त्यालाच मोठा संघ दिला, आणि जून २०२५ मध्ये ते पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र ठरले. पोरं तीच, माणूस तोच. आपल्याकडे वीस वर्षांचा चांगला पोरगा बेंचवर बसून पंचविशीचा होतो. त्याला मोसमात पुऱ्या मॅचेस किती मिळतात, हे कोणी विचारत नाही. मी शाळेत ३० वर्षं शिट्टी वाजवली. बक्षीस समारंभाला हॉल भरायचा, सरावाला चार डोकी.

पाटणकर काका: हे मात्र पटलं.

श्रावणी: मग आपण तरी तेच का करतोय? तीन काकांवर सगळी भांडणं, आणि लहानांत अजून फक्त ओंकारचं नाव आहे.

ओंकार: 🙏

शिर्के भाऊ: पोरगी बोलली बघा.

सेक्रेटरी परांजपे: बरं, असं करू. आधी नऊ मुलं भरा. तीन मोठ्यांच्या चिठ्ठ्या १० ऑगस्टला काढू. मुलींच्या मॅचबद्दल मी आयोजकांना उद्या फोन करतो.

श्रावणी: पत्र द्या काका, फोन विसरतात. मी लिहून देते.

खोतसर: उद्यापासून साडेपाचला सराव, मुलं-मुली एकत्र. मागच्या कातळावर नको, शेवाळ धरलंय. शिर्के, तुझा गुडघा तिथेच गेला होता. शाळेच्या मातीच्या मैदानाचं मी बोलून ठेवलंय.

पाटणकर काका: लॉस एंजेलिसच्या मॅचेस आपल्याकडे किती वाजता रे?

ओंकार: तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. चहाबरोबर बघायच्या.

आजगावकर मामा: जुलैत लाईट ऱ्हवली तर.

सेक्रेटरी परांजपे: शाळेच्या गोलांना जाळी नाही असं कळतं. नवीन घ्यायची तर वर्गणी वाढेल.

मुजावरचाचा: जाळी विकत घेऊ नका. बोटीवरचं जुनं जाळं आहे माझ्याकडे. आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक आहे, बॉल आरपार जायचा नाही. फक्त दोन दिवस पावसात टांगून ठेवा, वास येतो.

शिर्के वहिनी: बी विंगच्या गच्चीत टांगू नका हं, माझे पापड आहेत तिथे.

शिर्के भाऊ: जुलैत पापड?

शिर्के वहिनी: पत्र्याखाली आहेत. तुम्ही गुडघा सांभाळा.