मदत हवी आहे: ग्लिचनंतर वेला पल्सारचे गॅमा स्पंद पुन्हा कसे जुळवायचे?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. पल्सार टायमिंग, म्हणजे वेगाने फिरत लयीत स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या फेऱ्यांची नेमकी मोजणी, प्रत्यक्ष केलेली माणसं इथे आहेत हे जुन्या चर्चांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो.

फर्मी उपग्रहावरच्या लॅट दुर्बिणीचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. तो उतरवून घेऊन मी वेला पल्सारच्या स्पंदांचे आलेख काढतो आहे. वय सुमारे ११ हजार वर्षं, सेकंदाला ११ फेऱ्या, आणि गॅमा किरणांच्या आकाशात कायम चमकणाऱ्या स्रोतांमध्ये सर्वांत तेजस्वी. नवशिक्यासाठी याहून चांगला पल्सार नाही असं मला सांगितलं गेलं आणि ते पटलंही. एका फेरीत दोन टोकदार शिखरं येतात. पहिलं रेडिओ स्पंदानंतर साधारण ०.१३ फेरीने, दुसरं ०.५६ च्या आसपास, आणि मधली जागा रिकामी नसते, तिथेही उत्सर्जन असतं.

मला बघायचंय ते असं. ऊर्जा वाढत जाते तसं पहिलं शिखर दुसऱ्याच्या तुलनेत खचत जातं. २०२३ साली नामिबियातल्या हेस दुर्बिणींच्या गटाने वेलाचे थेट २० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे स्पंद जाहीर केले, तेही दुसऱ्या शिखराच्याच जागी. इतक्या ऊर्जेचे किरण ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळून निघाले, तर तिथलं चुंबकीय क्षेत्र त्यांना गिळून टाकेल. म्हणजे ते बरंच बाहेरून येत असणार. वेलाबरोबर फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला जिथे प्रकाशाचा वेग गाठावा लागेल, ती सीमा अक्षापासून सव्वाचार हजार किलोमीटरवर आहे. त्या सीमेच्या आसपास किंवा पलीकडे काय चाललंय, याची खूण दोन शिखरांच्या या गुणोत्तरात आहे आणि ती आपल्या घरच्या संगणकावर दिसू शकते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

अडचण अशी की १० गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर फोटॉन फारच थोडे. अनेक वर्षांचा डेटा एकत्र केल्याशिवाय भागत नाही, आणि अनेक वर्षं म्हटली की ग्लिच आडवे येतात. २०१६ चा डिसेंबर, २०१९ चा फेब्रुवारी, २०२१ चा जुलै, २०२४ चा एप्रिल. दर वेळी पल्सार अचानक किंचित जास्त वेगाने फिरू लागतो आणि आधीची टायमिंग फाइल, म्हणजे फिरण्याच्या वेगाचे आकडे असलेली फाइल, निकामी होते.

माझ्याकडची अशी टायमिंग फाइल (पार फाइल) लॅटच्या पल्सार कॅटलॉगबरोबर मिळालेली आहे. तिच्या मुदतीतला डेटा सुरेख फोल्ड होतो, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर नीट बसतात, आणि शिखरं सुईसारखी येतात. मुदतीनंतरच्या काळासाठी फाइल मला स्वतःच करायची आहे. २९ एप्रिल २०२४ पर्यंतचा भाग थोड्या खटपटीने जमला. त्यापुढे मात्र आलेख सपाट. मी फर्मीच्या सॉफ्टवेअरमधल्या जीटीसिलेक्टने १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे फोटॉन घेतो, पृथ्वीच्या कडेकडून येणारे वगळतो, जीटीएमकेटाइम चालवतो, मग जीटीबॅरीने सौरमालेच्या वस्तुमानमध्याची दुरुस्ती करून प्रत्येक फोटॉनची फेज (फेरीतली जागा) काढतो.

रेडिओ निरीक्षणं हाताशी नसताना, केवळ गॅमा फोटॉनांवरून ग्लिचनंतरची वारंवारिता शोधता येईल का? आणि ग्लिचच्या अलीकडची आणि पलीकडची फेऱ्यांची मोजणी एकमेकींना जोडायची कशी? दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त अडलोय.

दीपमाळ

रेवाकाठ, पहिलं काम वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे, निदान वेलासाठी.

आधी आलेख सपाट का होतो ते आकड्यांत बघा. २०२४ च्या ग्लिचमध्ये वारंवारिता दहा लाखांत दोनहून थोड्या जास्त भागांनी वाढली. ११.२ हर्ट्झवर हा फरक होतो सुमारे ०.००००२५ हर्ट्झ. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणलंत तर जुनी फाइल दिवसाकाठी दोन फेऱ्या चुकते. म्हणजे अर्ध्या दिवसातच शिखरं पूर्ण फेरीभर पसरतात. महिन्याभराच्या डेटात काही उरण्याची आशाच नको.

म्हणून महिना घेऊ नका, दोन दिवस घ्या. ग्लिच होऊन गेल्यानंतरचे कोणतेही दोन दिवस. तेवढ्या काळात वारंवारितेतला भेद सुमारे ०.०००००६ हर्ट्झपर्यंत ओळखता येतो, त्यामुळे जुन्या किमतीच्या वर पाच-दहा पायऱ्या तपासल्या की झालं. प्रत्येक पायरीवर एच-चाचणी करा, म्हणजे फोटॉनांत खरंच लय आहे की नाही हे आकड्यात कळेल. वेलाचा फोटॉन दर काही मिनिटांना एखादाच येतो, दोन फोटॉनांच्या मधे पल्सार हजारभर किंवा त्याहून जास्त वेळा फिरून जातो, तरीही दोन दिवसांत चाचणीचा आकडा एका पायरीवर ठळकपणे वर उसळेल. मग चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस असा काळ वाढवत न्या आणि दर वेळी पायरी बारीक करा. वेग मंदावण्याचा दर मात्र सुरुवातीपासून धरा. वेलासाठी महिन्याभरात त्याचाच परिणाम पन्नासेक फेऱ्यांचा होतो.

प्रत्येक फोटॉनला वजन द्या. १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला लॅट दिशा सांगते ती पाचेक अंशांच्या अंदाजाने, आणि वेला आकाशगंगेच्या पट्ट्यातच आहे. आजूबाजूचा उजेड भरपूर. जीटीएसआरसीप्रॉबने फोटॉन वेलाचाच असण्याची शक्यता काढून तीच वजन म्हणून वापरली की चाचणीचा निकाल खूप स्वच्छ येतो, आणि मंद पल्सारांसाठी तर त्यावाचून गत्यंतर नाही.

उत्तरध्रुव

दीपमाळ यांच्याशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला वेगळं म्हणायचंय: मोजणी जोडूच नका.

तुम्हाला ग्लिचचं मोजमाप करायचं नाहीये, शिखरांचं गुणोत्तर हवंय. त्यासाठी ग्लिचच्या दोन बाजूंमध्ये नेमक्या किती फेऱ्या झाल्या हे कळायची काहीच गरज नाही. दोन ग्लिचमधल्या प्रत्येक काळाची स्वतंत्र टायमिंग फाइल करा. प्रत्येक काळाचा आलेख स्वतःपुरता टोकदार आला की पुरे. मग हे आलेख एकमेकांवर सरकवून बसवा.

आता कुणी म्हणेल, शिखरांवरून आलेख जुळवायचे आणि शिखरंच मोजायची, हे चक्राकार झालं. म्हणून जुळवणी कमी ऊर्जेच्या फोटॉनांवर करा. ३०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ते ३ गीगाइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात वेलाचे फोटॉन भरपूर आहेत, तिथे सरकवण्याची चूक फेरीच्या शंभराव्या भागाहून बरीच खाली जाते. जे अंतर मिळेल तेच त्या काळातल्या १० गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या फोटॉनांना लावा. त्या फोटॉनांनी जुळवणीत भागच घेतलेला नसेल, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर निखळ राहील. यात ग्लिचमुळे स्पंदाचा आकार कायमचा बदलत नाही असं धरलेलं आहे. ते आधी कमी ऊर्जेवरच काळानुसार ताडून बघा, सहज होतं.

ग्लिचनंतरचे पहिले काही आठवडे टाकून दिलेत तरी चालेल. वाढलेल्या वेगातला थोडा भाग त्या काळात ओसरत असतो आणि साधी फाइल तिथे वाकडी पडते. दहा-पंधरा वर्षांच्या डेटात तेवढ्याने काही बिघडत नाही. ज्यांना ग्लिचच समजून घ्यायचेत त्यांच्यासाठी मात्र तेच आठवडे सोन्यासारखे.

आणखी एक, वेलाची स्वतःची आकाशातली चाल. वर्षाला सुमारे ०.०६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ऐकायला किरकोळ वाटते, पण १५ वर्षांत जवळजवळ एक विकला होते, आणि जुनीच जागा धरून दुरुस्ती केलीत तर वार्षिक लयीत मिलिसेकंदभर चूक शिरते. ती फेरीचा शंभरावा भाग आहे. तुमच्या सुईसारख्या शिखरांना ती बोथट करेल.

मालकंस

रेडिओबद्दल थोडं. वेला दक्षिणेला असला तरी आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या टप्प्यात येतो, आणि उटीच्या रेडिओ दुर्बिणीवरून तरुण पल्सारांच्या ग्लिचवर लक्ष ठेवण्याचं काम झालेलं आहे. त्या निरीक्षणांवरचे निबंध शोधा. ग्लिचची तारीख आणि उडीचा आकडा छापलेला मिळाला, तरी दीपमाळ म्हणतात त्या पाच-दहा पायऱ्याही वाचतील. शून्य फेज रेडिओ स्पंदावर बसवायची असेल तरच रेडिओ हवं, आणि ते तुमच्या मुदतीतल्या जुन्या फाइलमध्ये आहेच. बाकीचे काळ तिच्यावर सरकवा.

रेवाकाठ

दीपमाळ, उत्तरध्रुव, मालकंस, तिघांचे मनापासून आभार. ग्लिचनंतरचा दोन दिवसांचा तुकडा घेऊन पायऱ्या तपासल्या. चौथ्या-पाचव्या पायरीच्या दरम्यान एच-चाचणीचा आकडा सरळ आकाशात गेला आणि दोन्ही शिखरं परत आली! आता काळ वाढवत चाललोय.

एकच शंका उरली आहे. गुणोत्तर काढताना पार्श्वभूमी वजा करायची ती फेरीच्या कोणत्या भागातून मोजायची?

उत्तरध्रुव

०.८ ते १.० घ्या. दुसरं शिखर तोवर पूर्ण विझलेलं असतं, आणि वेलाभोवतीच्या तेजोमेघाचा उजेडही त्याच भागात मोजला जातो. १० गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर लॅटची दिशा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत नेमकी होते, तेव्हा तिथे अर्ध्या अंशाच्या आतलेच फोटॉन ठेवा. पार्श्वभूमी इतकी कमी होईल की वजाबाकीपेक्षा पहिल्या शिखरातल्या मोजक्या फोटॉनांची सांख्यिकी चूकच वरचढ ठरेल. ती आलेखावर जरूर दाखवा, आणि आलेख इथे टाका.